एसीले झाकू नका अन् मिस्त्रीले चोर म्हणू नका

मला हे लिहायचं नव्हतं. पहिलेच सांगून ठेवतो.

आमच्या गोंदियाजवळच्या कुडव्यातलं महिला मंडळ उन्हाळ्याची पुस्तिका काढून राहिलं. त्यात 'घरातला कूलर, एसी, गिझर जास्त वर्षं कसा टिकवावा' असा लेख पाहिजे. माझी सून वर्षा त्या मंडळाची सेक्रेटरी. तिनं जेवणाच्या ताटाशेजारी कोरा कागद अन् पेन आणून ठेवला.

"मामाजी, दहा टिप्स लिहून द्या."

मी म्हटलं, "मी चवथी पास आहो. टिप्स मले येत नाही."

"बोलता तसं लिहा ना."

बोलतो तसं लिहिलं तं छापता येणार नाही, हे तिलाबी माहीत आहे. अन् दहा कशाला? टिप्स दोनच आहेत. मशीन साफ ठेवा, अन् तिला श्वास घेऊ द्या. झाला लेख! पण वर्षा म्हणते, पान भरत नाही.

पान भरायचं असेल तं किस्से घ्या. कूलरच्या टाकीच्या बुडाशी दर उन्हाळ्यात पांढरा थर बसतो ना, तसे चाळीस वर्षांचे किस्से माझ्या बुडाशी बसले आहेत. आजवर कोणी खरवडले नाही म्हणून आहेत.

एक गोष्ट मात्र आधी समजून घ्या. आमच्या कूलर-एसी दुरुस्तीच्या धंद्यात मिस्त्रीजवळ एकच माल असतो, नाव. लोक आपण अंगणात बसतात अन् मला म्हणतात, "आत जा, बेडरूममध्ये आहे." ज्या दिवशी चार माणसं म्हणतील की हा बुढा आतला माल बदलवते, त्या दिवशी पेचकस नदीत फेकायचा अन् घरी बसायचं. ते नाव सांभाळता सांभाळता काय काय पाहावं लागलं, ते वाचा.

*

बँकेतले पटलेबाबू. त्यांच्या घरवालीला झाकायची भारी हौस. फ्रिजला कव्हर, मिक्सरला टोपी, रिमोटला पन्नी. नवीन एसी घेतला अन् आठ दिवसांत फोन. "मिस्त्री, दहा मिनिटं चालते अन् बंद पडते."

मी गच्चीवर गेलो. बाहेरच्या युनिटला जुन्या चादरीचं कव्हर. आतून कापूस भरलेला, खाली झालर. मशीन चालू अन् कव्हर अंगावर!

"बाई, हे कायले?"

"नवीन आहे जी. धूळ बसल ना."

"हे मशीन घरातली गरमी बाहेर फेकते. त्याचं तोंडच बांधलं तं फेकन कुठं?" समजावं म्हणून मी पटलेबाबूंना म्हटलं, "तोंडावर उशी दाबून दहा मिनिटं बसा. कसं वाटते पाहा."

बाईंना पटलं. कव्हर काढलं. पुढच्या उन्हाळ्यात सर्व्हिसिंगला गेलो तं पुन्हा कव्हर! पण पंख्यासमोर चौकोन कापलेला.

बाई मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, "पाहा, आता खिडकी ठेवली. घेते का नाही श्वास?"

मी पाहिलं. खिडकीला पडदा होता.

*

एसीवाला दिसला की गोंदियाचा माणूस एकच म्हणते, "गॅस भरून द्या." ताप आला की सुई द्या म्हणतात, तसं.

एका राइस मिलच्या शेठचा फोन आला. "मिस्त्री, ठंडा नहीं कर रहा. गैस भर दो." जाऊन पाहतो तं बाहेरचं युनिट मिलच्या भिंतीकडं तोंड करून. आतल्या जाळीत धानाचा कोंडा असा भरला होता, जशी उशी शिवली. पाणी मारलं, ब्रश फिरवला. दोन बादल्या कोंडा निघाला. शेठ म्हणाला, "इतना तो आजकल मिल में नहीं निकलता!"

खोली थंड झाली, पण शेठचं तोंड उतरलेलं.

"और गैस?"

"लागत नाही शेठ. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, संपत नाही. बंद पाइपात फिरत राहते. कमी झाला तं कुठंतरी भोक आहे. पहिले भोक शोधाचं, मंग भराचं."

शेठनं दार लोटलं अन् आवाज बारीक केला. "वो सब ठीक है. पर मेरे साले के यहाँ हर साल भरते हैं. वो पूछेगा तो मैं क्या बोलूँ?"

आता मोठ्या माणसाच्या इज्जतीचा प्रश्न. मी गेज लावलं, प्रेशर दाखवलं, काटा जागेवर होता. नळी काढताना जरासा फुस्स आवाज आला. शेठ उभाच झाला. "भर गई?"

"नाही. नळी काढली. आवाज आला फक्त."

शेठनं काट्याकडं पाहिलं, नळीकडं पाहिलं. मग एकदम मांडीवर थाप मारून असा हसला की बायको धावत आली. "अरे, सुनती हो? तेरे भाई के यहाँ हर साल आवाज़ भरते हैं!"

*

कूलर टिकवायचा असेल तं पाऊस लागला की टाकी रिकामी करा, गवत काढून फेका, टाकी सुकवा, पंपाला जरा तेल द्या अन् कोरड्या जागी ठेवा. एवढं केलं तं लोखंडी कूलर दहा वर्षं कुठं जात नाही. मी हे सांगत फिरतो. ऐकते कोण?

मेश्राम कंडक्टर, देवरीच्या गाडीवर असतो. आरोग्यवाले डास शोधत घरोघरी फिरतात ना, ते त्याला म्हणाले, टाकीचं पाणी दर आठवड्याला बदला. त्याला आला आळस. कोणीतरी सांगितलं, गप्पी मासे सोड, ते अळ्या खातात. यानं सोडले. कूलरच्या टाकीत!

पाऊस लागला, मी म्हटलं आता टाकी रिकामी करू.

"अन् मासे कुठं जातीन?" मेश्राम म्हणाला. तोवर त्यांची पिल्लं झाली होती. घरच्या पोरींनी नावं ठेवली होती. मोठा होता त्याचं नाव डायव्हर, बाकीचे सगळे पॅसेंजर.

पुढं जानेवारीत हा मफलर गुंडाळून दुकानात हजर. "पंप जळला."

"जानेवारीत कूलर?"

"पाणी हललं नाही तं मासे वर येऊन राहिले ना बाबूजी."

"तं पंपच लाव. पंखा कायले लावतो?"

"दोन्हीचं बटन एकच आहे."

मी त्याच्या घरी गेलो, नवा पंप बसवून कूलर चालू केला. मेश्रामची घरवाली, दोन पोरी, म्हातारी आई, सगळे स्वेटर-टोपडं घालून कूलरसमोर बसलेले. म्हातारीचे दात वाजत होते. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "अरे, एक मोठा माठ आण, त्यात सोड त्यायले!"

मेश्रामनं टाकीत वाकून पाहिलं. म्हणाला, "त्यायले कूलरची सवय झाली जी."

*

आता गिझरचं. आमच्याकडं बोअरचं पाणी खारं. गिझरच्या टाकीत एक रॉड असतो. पाणी टाकीला खायला येते, तं हा रॉड पुढं होते अन् म्हणते, मला खा. तो झिजते म्हणून टाकी टिकते. दोन-तीन वर्षांनी तो बदलला की गिझर बारा वर्षं चालते. लोकांना या रॉडचं नावही माहीत नसते.

तिरोड्याकडं एक मोठं शेतकरी घर आहे. तीन भाऊ, एक चूल, अन् सगळ्यांवर सासूबाई. मी रॉड बाहेर काढला. चघळून टाकलेल्या उसासारखा झाला होता.

सासूबाई कडाडल्या, "गिझर चकचकीत, अन् अंदर हा सडका रॉड? तुमी थैलीतून काढला! चांगला ठेवून घेतला!"

घ्या! माझं डोकं फिरलं. पण बाईमाणूस, वरून वयानं मोठी. मी थैली जमिनीवर उलटी केली. पाने, पक्कड, टेप, एक नवा रॉड अन् माझा भाकरीचा डबा. मग सांगितलं, "आई, हा सडत नाही, झिजते. सगळ्यायचा त्रास आपल्या अंगावर घेते. त्याच्यामुळं बाकी घर चकचकीत राहते. अन् कोणी त्याले विचारत नाही, कारण तो दिसतच नाही."

स्वयंपाकघरातून मोठ्या सुनेचा आवाज आला. चौदा वर्षांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"मिस्त्रीकाका, हे आमच्या सासूबाईले आणखी एकदा सांगा. हळूहळू सांगा."

सासूबाई उठल्या, आत गेल्या. त्या दिवशी त्या घरात सगळ्यांनी सासूबाईंच्या हातचा चहा पेला. मोठ्या सुनेनं बसून पेला.

*

देवरीकडच्या एका गावात एक गुरुजी आहेत. सुपारीही खात नाहीत, एवढे सरळ. त्यांनी एसी घेतला अन् महिन्याभरात तीनदा बंद पडला. मी बाहेरच्या युनिटचं झाकण उघडलं तं आत मुंग्याच मुंग्या! स्विचच्या पत्तीत मेलेल्या मुंग्यांचा गठ्ठा, करंट पुढं जाईल कसा?

मुंग्या आल्या कुठून? वास आला. मागून गुरुजींची म्हातारी आई सूप घेऊन आली अन् युनिटच्या पंख्यासमोर बांधलेल्या फडक्यात तिनं मोहफुलं ओतली.

"आजी, हे काय करून राहिली?"

"सुकवून राहिली. उनात चार दिवस लागते. हे मशीन दोन दिवसात सुकवते."

मी गुरुजींना बोलावलं. ते अंगणात येतच होते, तेवढ्यात शेजारी कुंपणावरून डोकावला. नाक वर करून दोनदा हुंगलं अन् मोठ्या आदरानं विचारलं, "गुरुजी, पहिल्या धारेची कधी निघन?"

गुरुजींचा चेहरा पडला. पंधरा दिवसांपासून गल्लीतले लोक नमस्कार करताना काऊन हसतात, ते त्यांना तेव्हा समजलं.

मी मुंग्या झाडल्या, स्विच बदलला, म्हातारीला समजावलं. बाहेरच्या युनिटसमोर हात-दोन हात जागा मोकळी पाहिजे, फडकं नाही, सूप नाही, फुलं नाही. नाहीतर आत थंड होणार नाही.

म्हातारी म्हणाली, "आत थंड होते का? मले वाटलं, फुलं सुकवाचंच आणलं पोरानं."

*

स्वतःच्या घरचंही सांगतो, नाहीतर म्हणाल बुढा फक्त लोकांचंच काढते.

आमच्या घरातला छताचा पंखा तीन वर्षं कुरकुर करत होता. "पाहतो, पाहतो," मी म्हणत होतो. एक दिवस जेवायला घरी आलो तं पंखा चूप. फिरून राहिला अन् चूप! आमच्या बुढीनं राजूला बोलावून दुरुस्त करून घेतला. राजू म्हणजे कोण? माझ्याच हाताखाली शिकला अन् आता स्वतःचं दुकान टाकलं. घर कोणाचं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. घर बरोबर माहीत होतं त्याला!

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"पहिले विचारलं, काकू, कोण्या अनाड्यानं याचे पेच आवळले होते?"

"मंग तू काय सांगितलं?"

"म्हटलं, होता एक बुढा. आता त्याले बोलवत नाही."

*

आता शेवटचा. वर्षा म्हणते हा लिहू नका. म्हणून लिहून राहिलो.

आमच्याच गल्लीत एक रिटायर साहेब आहेत. कोणत्या ऑफिसातले, ते सोडा. तिथं त्यांची सारी नोकरी कपाटं सील करण्यात गेली. कपाट बंद केलं की चिठ्ठी, चिठ्ठीवर सही, सहीखाली तारीख, बाजूला पंचाची सही. रिटायर झाले, पण हाताची सवय गेली नाही. घरी लोणच्याची बरणीसुद्धा सील करतात म्हणे.

होळीच्या वेळी मी त्यांचा एसी धुतला. झकास चालू झाला. पंधरा दिवस गेले. मग हनुमान मंदिरात भंडारा होता. पंगत बसली होती, माझ्या ताटात आत्ताच वरण पडलं होतं. साहेब पंगतीच्या मधात उभे राहिले अन् माझ्याकडं बोट केलं.

"या माणसानं माझ्या एसीतला माल बदलला! आम्ही मुलीकडे नागपूरला गेलो होतो, तेव्हा आत शिरला. आतलं सील तुटलं आहे!"

वाढणाऱ्यांचे हात थांबले. पंगतीत शंभर माणसं असतील, निम्म्यांच्या घरी माझा पेचकस चालला होता. मी पाहत होतो, एकेक मान माझ्याकडं फिरत होती. माझ्या बाजूला बसलेल्या कटरेबाईंनी हळूच नवऱ्याला विचारलं, "आपल्या एसीले बी यायनंच हात लावला होता ना जी?"

ते मी ऐकलं. चाळीस वर्षं एका वाक्यात गेली. ताट बाजूला सारलं अन् उभा झालो.

"चला. ज्याच्या ज्याच्या घरी मी काम केलं, सगळे चला. आत्ताच्या आत्ता उघडतो. माल बदलला असन तं उद्यापासून मी या गल्लीत दिसणार नाही."

लोक उष्ट्या हातानंच निघाले. साहेबांच्या बेडरूममध्ये वीस-पंचवीस माणसं, बाकीचे खिडकीत. पुजारीसुद्धा आले, हातात वरणाचं ओगराळं तसंच.

मी झाकण उघडलं. आत बर्फ! अन् फिल्टरवर चार चिठ्ठ्या, डिंकानं गच्च चिकटवलेल्या. सही, तारीख, पंच.

"हे काय आहे साहेब?"

"सील. तू सर्व्हिसिंग करून गेला, त्याच दिवशी मी स्वतः लावलं. फिल्टरवर चार, आतल्या कॉइलवर सहा. फिल्टरवरच्या आहेत. कॉइलवरच्या सहाही गायब! त्या काढल्याशिवाय माल काढता येतो का? सांग ना!"

लोक माझ्याकडं पाहू लागले. मी म्हटलं, "तुमी मशीनच्या नाकात कागद कोंबले साहेब. हवा जाईना म्हणून बर्फ झाला. अन् कॉइल ओली असते, तिथं डिंक राहते का?"

"मग चिठ्ठ्या कुठं आहेत?"

मशीन बंद केलं. बर्फ वितळेपर्यंत सगळे साहेबांच्या पलंगावर बसून होते. पाणी ठिबकायला लागलं ते पाइपातून बाहेर न जाता आतल्या पन्हाळीतूनच सांडायला लागलं. मी बाहेर गेलो, पाइपाला तोंड लावलं अन् छातीतला सगळा जोर लावून फुंकलं. आतून ओरडा झाला.

धावत आलो. पन्हाळीत ओल्या कागदाचा गोळा येऊन पडला होता. मी एकेक चिठ्ठी सुटी करून पलंगाच्या चादरीवर मांडली. पुजारी मोजत होते.

"एक. दोन. तीन." खोलीतले लोकही मोजायला लागले. "चार! पाच!"

अन् पाचावर थांबलं. मी पन्हाळ चाचपली. पाइपात पुन्हा फुंकलं. काही नाही.

साहेब शांतपणे म्हणाले, "सहावी?"

मी गुडघ्यावर बसून पलंगाखाली पाहिलं. या वयात एका कागदाच्या चिठ्ठीसाठी! कटरेबाई दाराकडं सरकल्या. मी आतला गोल पंखा हातानं हळूहळू फिरवायला लागलो. एक पाती, दुसरी पाती, तिसरी. बोटाला काहीतरी ओलं लागलं. सोलून काढलं.

"सहा!" सगळी खोली ओरडली. पुजाऱ्यांनी ओगराळं वर केलं, वरण माझ्या खांद्यावर.

ही चिठ्ठी अख्खी होती. शाई जराशी पसरलेली, पण वाचता येत होती. साहेबांच्या घरवालीनं चष्मा लावला, जवळून पाहिली अन् म्हणाली, "ही तं माहीच सही आहे. मीच पंच होती ना! मी तेव्हाच म्हटलं होतं तुमाले, मशीनले कागद चिकटवू नका."

सगळ्यांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी चिठ्ठी हातात घेतली. उजेडात धरली. उलटी करून पाहिली. पुन्हा सुलटी केली.

"सही माझी आहे," साहेब म्हणाले. "पंचही बरोबर आहे. तारीखही तीच आहे. फक्त कागद बदलला आहे."

वर्षा म्हणते, "मामाजी, नाव तरी लिहू नका, शेजारी आहेत." शेजारी आहेत म्हणूनच माफी मागायला चार पावलं चालायची आहेत, तीही अजून चालून झाली नाहीत. लिहून घ्या साहेबांचं नाव.

मोतीरामजी टेंभरे.